‘शाप की वरदान’ सोडा, ठराव मांडा

वादविवाद स्पर्धेच्या सूचनाफलकावर ‘आरक्षण : शाप की वरदान?’ असा विषय लागला की पुढचं जवळजवळ ठरलेलंच असतं. अर्धे स्पर्धक ‘गुणवत्ता’ या शब्दावर सात मिनिटं काढतात, उरलेले इतिहासावर. कुणीतरी ओघात एखाद्या समाजाबद्दल नको ते वाक्य बोलून जातो, मागच्या रांगेतून आवाज उठतो आणि पुढच्या वर्षी प्राचार्य म्हणतात, ‘पर्यावरणावर ठेवा काहीतरी.’ मग महाविद्यालयात बोलण्याचं स्वातंत्र्य उरलं नाही, अशी हळहळ सुरू होते. स्वातंत्र्यावर गदा येते हे खरंच आहे. पण बऱ्याचदा तिला वाट आयोजकांनीच करून दिलेली असते, आणि तीही विषय लिहितानाच.

‘शाप की वरदान’ हा साचा शाळेच्या निबंधातून आला आणि महाविद्यालयांत मुक्काम ठोकून बसला. मोबाइल, विज्ञान, आरक्षण, काहीही त्यात घाला. अडचण अशी की त्यात कुणी काही करायचं नसतं. शाप ठरला तर काय बंद करायचं? वरदान ठरलं तर काय वाढवायचं? कृतीच नसल्यामुळे वक्त्याकडे सिद्ध करण्यासारखं काही नसतं. मग बोलणं धोरणावरून माणसांवर घसरतं.

ठरावात तीन गोष्टी दिसायला हव्यात : कोण करणार, काय करणार आणि आजच्या स्थितीत त्यामुळे काय बदलणार. हाच विषय असा लिहून पाहा : ‘या सभागृहाचे असे मत आहे की, अनुसूचित जातींच्या आरक्षणालाही क्रिमिलेअरची अट लागू करावी.’ क्रिमिलेअर म्हणजे मागास समाजातला सधन थर, ज्याला आरक्षणातून वगळतात. आता बाजूने बोलणाऱ्याला मर्यादा सांगणं भाग आहे. इतर मागासवर्गासाठी ती २०१७ पासून वार्षिक आठ लाख रुपये आहे. तीच घेणार की वेगळी? त्या उत्पन्नात पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, ते इथे धरणार का? विरोधकालाही नुसतं ‘अन्याय, अन्याय’ म्हणून भागत नाही. अस्पृश्यतेचा चटका उत्पन्न वाढल्याने जात नाही, म्हणून उत्पन्नाची कसोटीच इथे गैरलागू आहे, हे त्याला दाखवून द्यावं लागतं.

दोन्ही बाजूंना १ ऑगस्ट २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचावा लागतो, आणि नवखे वक्ते हमखास तिथेच अडखळतात. ‘न्यायालयाने क्रिमिलेअर लावायला सांगितलं आहे’ असं ते ठोकून देतात. सात न्यायमूर्तींच्या पीठापुढचा प्रश्न अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा, म्हणजे आरक्षणासाठी त्यांचे आणखी गट पाडण्याचा होता आणि त्याला ६ विरुद्ध १ अशी मान्यता मिळाली. क्रिमिलेअरबद्दल चार न्यायमूर्तींनी आपापल्या निकालपत्रांत अनुकूल मत नोंदवलं. त्यानंतर काही दिवसांतच केंद्रीय मंत्रिमंडळाने घटनेत तशी तरतूद नसल्याचं सांगितलं. विरोधी संघाला एवढं माहीत असलं की समोरच्या पहिल्या वक्त्याच्या पायाखालची सतरंजी निघते. आणि लक्षात घ्या, या सगळ्यात कुठल्याही समाजाच्या स्वभावावर, लायकीवर एक शब्दही बोलावा लागलेला नाही.

इतर तापलेले विषयही याच पद्धतीने हाताळता येतात. गोवंश हत्याबंदीवर ‘धर्म की आहार’ असा विषय ठेवलात तर भांडण लागेल. ‘महाराष्ट्रातील बैलांच्या कत्तलीवरील बंदी उठवावी’ असा ठेवलात तर भाकड जनावराचा सांभाळ, चाऱ्याचा खर्च, गुरांचा बाजार, चामड्याचा धंदा, गोवंशाच्या कत्तलीबाबतचं घटनेचं ४८ वं कलम असे मुद्दे पुढे येतात. शिवाय मुंबई उच्च न्यायालयाचा मे २०१६ चा निकाल आहेच : कत्तलीवरची बंदी कायम, पण परराज्यातून आलेलं गोमांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द. समान नागरी कायद्यावर बोलायचं असेल तर गोव्याकडे पाहा. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचे कौटुंबिक नियम तिथे आजही चालतात. ‘गोव्याचा नमुना महाराष्ट्रात आणावा’ असं म्हटलं की विवाहनोंदणी, पतीपत्नीची सामाईक मालमत्ता, मृत्युपत्राने किती वाटा देता येतो, अशा ठोस गोष्टींवर बोलावं लागतं. एरवी ‘एक देश, एक कायदा’ या चार शब्दांवर टाळ्या घेऊन वक्ता खाली उतरतो.

महापुरुषांचा प्रश्न महाराष्ट्रात सगळ्यांत नाजूक. ‘अमुक थोर की तमुक थोर’ हे विषय ठेवूच नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे, आणि कारण भीती हे नाही. असा वाद दोन्ही बाजूंनी अवतरणांवर उभा राहतो, अवतरणांची शहानिशा सभागृहात होऊ शकत नाही आणि निकाल भक्तीच्या मोजमापावर लागतो. त्या जागी ‘राज्य शासनाने नव्या पुतळ्यांवर आणि स्मारकांवर सार्वजनिक पैसा खर्च करू नये’ हा ठराव घ्या. अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाचं जलपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं. तेव्हापासूनचा खर्च, न्यायालयीन अडथळे, मच्छीमारांचे आक्षेप, पर्यटनाचा हिशोब हे सगळं बोलता येतं. विषय तितकाच वादग्रस्त आहे, पण त्यात कुणाच्या थोरवीवर मतदान होत नाही.

ठराव लिहून झाला की वीस मिनिटांची एक चाचणी घ्यायची. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर दोन्ही बाजूंचे पाच-पाच मुद्दे लिहायचे. एखाद्या बाजूला तिसरा मुद्दाच सुचत नसेल तर ठराव एकतर्फी आहे. एखाद्या बाजूचे बहुतेक मुद्दे ‘ते लोक असेच असतात’ या वळणाचे निघत असतील तर ठराव फाडून टाकायचा. अशा ठरावाने स्वातंत्र्य वाढत नाही. एक बाजू शिवी देते आणि दुसरी माणूस असल्याचा पुरावा देत बसते.

आता बाजूंचं वाटप. मराठी स्पर्धांची रूढ पद्धत अशी : प्रत्येक महाविद्यालयाचे दोन स्पर्धक, एक अनुकूल, एक प्रतिकूल, आणि कोण कुठल्या बाजूने बोलणार हे संघाने घरीच ठरवायचं. त्यामुळे वक्ता आपल्याला पटलेली बाजू घेतो, आणि श्रोतेही त्याचं भाषण म्हणजे त्याची भूमिका असं धरून चालतात. वादग्रस्त विषयात हे घातक ठरतं. त्याला उपाय चिठ्ठीचा. बाजू नाणेफेकीने किंवा चिठ्ठी टाकून, सगळ्यांसमोर ठरवावी. निवेदकाने ते सुरुवातीला मोठ्याने सांगावं आणि वक्त्यांच्या टेबलावर पाटीही ठेवावी : ‘बाजू चिठ्ठीने ठरल्या आहेत.’ ही पाटी फोटोत आली पाहिजे, अशा जागी ठेवा. पुढे कुणी कात्रण दाखवून ‘हा मुलगा अमक्याच्या विरोधात बोलला’ म्हणून आला तर ती कामाला येते.

दोन्ही बाजू मांडणं हे ढोंग आहे, असा आक्षेप जुना आहे. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या महाविद्यालयीन वादविवादाचा राष्ट्रीय विषय होता : कम्युनिस्ट चीनच्या सरकारला अमेरिकेने मान्यता द्यावी. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांच्या मागे लागणाऱ्या सिनेटर मॅकार्थीचा काळ तो. वेस्ट पॉइंटची लष्करी आणि अ‍ॅनापोलिसची नाविक अकादमी, दोघींनी आपल्या विद्यार्थ्यांना या विषयावर उतरू दिलं नाही. त्यापाठोपाठ वक्तृत्वाच्या प्राध्यापकांतच जुंपली : स्वतःला न पटणारी बाजू विद्यार्थ्याला मांडायला लावणं नैतिक आहे का? आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं, मत हा माणसाचा शब्द असतो, तो चिठ्ठीवर बदलायचा नसतो. दुसऱ्या बाजूचं उत्तर, विरोधी मत आतून समजून घ्यायची दुसरी वाट नाही, आणि ज्या काळात एक मत बोलणंच धोक्याचं आहे त्या काळात ते बोलायला जागा ठेवायची तर वक्ता आणि मत यांत अंतर ठेवावंच लागतं. हे दुसरं कारण अधिक वजनदार आहे.

आपल्याकडे याच्या सव्वाशे वर्षं आधी कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात हेच घडून गेलं होतं. तरुण शिक्षक हेन्री डिरोझिओ याने १८२८ मध्ये विद्यार्थ्यांची अ‍ॅकॅडेमिक असोसिएशन ही वादसभा सुरू केली. दैव की कर्तृत्व, मूर्तिपूजा, ईश्वराचं अस्तित्व असे विषय तिथे चालत. पालक बिथरले, मुलं कॉलेजातून काढून घेऊ लागले आणि एप्रिल १८३१ मध्ये व्यवस्थापनाने त्याला घालवायचं ठरवलं. ईश्वर नाही, आईवडिलांचा मान राखू नये, भावाबहिणीचं लग्न चालतं, अशा तीन शिकवणुकींचा आरोप होता. उत्तरादाखल लिहिलेल्या पत्रात डिरोझिओने ईश्वराच्या प्रश्नाबाबत सांगितलं ते आजच्या आयोजकानेही ध्यानात ठेवावं : तत्त्वज्ञ ह्यूमचे संशयवादी युक्तिवाद मुलांना दिले हे खरं, पण त्या युक्तिवादांना रीड आणि ड्युगाल्ड स्ट्यूअर्ट यांनी दिलेली उत्तरंही दिली. नोकरी वाचली नाही. त्याच वर्षी डिसेंबरात कॉलऱ्याने तो गेला, वय बावीस. पण ‘दोन्ही बाजू मांडल्या होत्या आणि त्या अशा होत्या’ हे नोंदीनिशी सांगता येणं हा संस्थेपुढचा सर्वांत भक्कम बचाव आहे, तेव्हाही आणि आताही.

चिठ्ठीला एक अपवाद हवा. स्वतःच्या जातीच्या, धर्माच्या किंवा शरीराच्या सन्मानाविरुद्ध बोलण्याची पाळी कुणावर येत असेल तर त्याला कारण न सांगता बाजू बदलून मागता आली पाहिजे. ही सोय चिठ्ठ्या टाकण्याआधी जाहीर करा आणि मागणी लेखी किंवा एका ठरलेल्या शिक्षिकेकडे खासगीत घ्या. सगळ्यांसमोर हात वर करायला लावलात तर कुणीही तो करणार नाही.

स्पर्धेच्या आराखड्याबद्दल. पंधरा महाविद्यालयं, तीस वक्ते, प्रत्येकी सात मिनिटं. पाचव्या मिनिटाला पहिली घंटा, सातव्याला दुसरी. ही सलग साडेतीन तासांची भाषणं होतात, वाद होत नाही. अठरावा वक्ता चौथ्याला काय उत्तर देणार? तो पाठ केलेलं भाषण म्हणतो, शेवटी एक शेर टाकतो आणि उतरतो. वादग्रस्त विषयात न खोडलेलं विधान तसंच हवेत राहतं, आणि तक्रार नेमकी त्याची होते. बेताल विधानाचा समाचार लगेच पुढच्या वक्त्याने घेतला तर त्याची धग निम्मी उतरते. म्हणून आशियाई संसदीय पद्धत बरी. तीन-तीन जणांचे दोन संघ : पंतप्रधान, उपपंतप्रधान, सरकारी प्रतोद; समोर विरोधी पक्षनेता, उपनेता, विरोधी प्रतोद. प्रत्येकाला सात मिनिटं. शेवटी दोन्हीकडून चार-चार मिनिटांचा समारोप, तो आधी विरोधकांचा आणि मग सरकारचा. समारोपात नवा मुद्दा आणायचा नाही. तयारीला अर्धा तास. ब्रिटिश पद्धतीत दोन-दोन जणांचे चार संघ असतात आणि ठराव पंधरा मिनिटं आधीच कळतो. वादग्रस्त विषयासाठी ती सुरुवातीला नको. पंधरा मिनिटांत आकडे सापडत नाहीत, आणि आकडे नसले की माणूस ऐकीव गोष्टींवर जातो. उलट संवेदनशील ठराव आठवडाभर आधी जाहीर करावा, सोबत दोन पानांचं टिपण द्यावं : संबंधित कायद्याचं कलम, एकदोन निकाल, सरकारी आकडे. दोन्ही बाजूंना तेच टिपण.

टिपणात एक ओळ ठळक असू द्या : अवतरणाचा मूळ संदर्भ जवळ नसेल तर अवतरण वापरू नये. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर बोलणारा दर तिसरा वक्ता ‘तुझं म्हणणं मला मान्य नाही, पण ते मांडण्याच्या तुझ्या हक्कासाठी मी प्राण देईन’ हे व्हॉल्टेअरच्या नावावर खपवतो. ते वाक्य व्हॉल्टेअरचं नाही. त्याची वृत्ती सांगताना एव्हलिन बिआट्रिस हॉल या इंग्रज लेखिकेने १९०६ मध्ये ते लिहिलं. व्हॉल्टेअरच्या बाबतीत ही चूक हसण्यावारी जाते. आंबेडकर, फुले किंवा सावरकरांच्या तोंडी खोटं वाक्य घातलं तर जात नाही.

अध्यक्ष कोण, यावर अर्धी सभा अवलंबून असते. ती जागा प्रमुख पाहुण्यांना देऊ नका. पाहुणे चाळीस मिनिटं बोलतात, त्यात ठरावावर स्वतःचं मत देऊन टाकतात, आणि त्यानंतर विरोधात बोलणारा एकोणीस वर्षांचा मुलगा आधीच हरलेला असतो. पाहुण्यांना बक्षीस समारंभात बोलवा, दहा मिनिटं द्या. अध्यक्ष म्हणून नियम तोंडपाठ असलेला प्राध्यापक किंवा माजी वादपटू हवा. त्याने सुरुवातीला दोन मिनिटांत सांगायच्या गोष्टी अशा : बाजू चिठ्ठीने ठरल्या आहेत, बोलणं अध्यक्षांना उद्देशून असेल, ‘तू’, ‘तुम्ही लोक’ चालणार नाही, वक्त्याची जात, धर्म, गाव, वैयक्तिक आयुष्य काढता येणार नाही, घोषणा नाहीत. पहिल्या आणि शेवटच्या मिनिटात प्रश्न नाहीत. मधल्या वेळात विरोधी संघातल्या कुणीही उभं राहून प्रश्न मागावा, वक्त्याने घेतला तर तो पंधरा सेकंदांत संपवावा. नाही घेतला तर मुकाट बसावं. पण एकही प्रश्न न घेणाऱ्या वक्त्याचे गुण कापले जातील, हेही सांगून टाकावं.

नियम मोडल्यावर काय, हे पायऱ्यांनी ठरलेलं असावं. पहिल्यांदा अध्यक्ष घड्याळ थांबवतात आणि वाक्य मागे घ्यायला सांगतात. वक्त्याने ‘मी मागे घेतो’ एवढंच म्हणायचं. खुलासा, सारवासारव काही नाही, कारण खुलाशात माणूस आणखी रुततो. दुसऱ्यांदा तसं झालं तर ते मिनिट गेलं. तिसऱ्यांदा भाषण थांबवायचं. विधिमंडळातल्यासारखा हरकतीचा मुद्दा श्रोत्यांनाही घेऊ द्या, पण तो नियमाबद्दलच असावा. ‘हे मला पटलं नाही’ ही हरकत होत नाही. ‘वक्त्याने समोरच्याची जात काढली’ ही होते. हा फरक अध्यक्षाला तिथल्या तिथे, दहा सेकंदांत करता आला पाहिजे. संकोची अध्यक्ष सगळ्याच हरकती मान्य करतो आणि मग सभा मागच्या रांगेच्या हातात जाते.

श्रोत्यांना वीस मिनिटं द्यावीत, प्रत्येकी दोन, म्हणजे दहा जण. आधी नाव नोंदवून, बाजूने एक आणि विरोधात एक असं आलटूनपालटून. तापलेल्या विषयात हा भाग वगळायचा मोह होतो, पण तो वगळू नये. बोलायला मिळणार हे माहीत असलेला माणूस ओरडत नाही. सुरुवातीची पाच मिनिटं, सहा भाषणांची बेचाळीस, श्रोत्यांची वीस, समारोपाची आठ आणि दोन वेळच्या मतदानाची सहा अशी एक्याऐंशी मिनिटं होतात. दीड तास धरा.

कायद्याची भीती घालणारे भरपूर भेटतात, म्हणून कायदा नेमका माहीत असावा. घटनेच्या १९(१)(क) कलमाने अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य दिलं आणि १९(२) ने त्यावर आठ कारणांसाठीच वाजवी निर्बंध घालता येतात : देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. ‘भावना दुखावणं’ असं स्वतंत्र कारण त्या यादीत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजांत वैर पसरवण्यासाठी १९६ वं आणि धार्मिक भावना हेतुपुरस्सर, दुष्ट हेतूने दुखावण्यासाठी २९९ वं कलम आहे. जुन्या दंडसंहितेतली ही अनुक्रमे १५३-अ आणि २९५-अ. दोन्हींत हेतूला महत्त्व आहे, आणि चिठ्ठीने मिळालेली बाजू मांडणाऱ्याचा तसा हेतू दाखवणं कठीण. पण अशक्य नाही : धोरणावर टीका करताना समाजाला शिवी दिली तर चिठ्ठी वाचवणार नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याकडे तर महाविद्यालयांचं लक्षच नसतं. लोकांसमोर जातीवरून अपमान हा गुन्हा आहेच. शिवाय या समाजांना अत्यंत पूज्य असलेल्या दिवंगत व्यक्तीचा शब्दांनी अनादर करणं हाही २०१५ च्या दुरुस्तीपासून त्यात आला आहे. वक्त्यांच्या बैठकीत हे स्पष्ट सांगावं.

दुसरीकडे न्यायालयांनी चर्चेला दिलेलं संरक्षणही सांगावं. १९८९ च्या एस. रंगराजन खटल्यात प्रश्न आरक्षणावर टीका करणाऱ्या एका तमिळ चित्रपटाचा होता. निदर्शनांची धमकी आहे म्हणून अभिव्यक्ती दाबता येणार नाही, सुव्यवस्था राखणं हे सरकारचं काम आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने बजावलं. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालाने चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी या तीन पायऱ्या वेगळ्या केल्या. निर्बंध येतो तो तिसऱ्या पायरीवर. मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बोललेल्या-लिहिलेल्या शब्दांबद्दलच्या तीन ते सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी आधी प्राथमिक चौकशीची तरतूद वापरणं योग्य, आणि शब्दांचा परिणाम कणखर, समंजस माणसाच्या नजरेने जोखावा, कचखाऊ माणसाच्या नव्हे. हा परिच्छेद परवानगीच्या अर्जाला जोडता येतो.

अर्ज. ‘वादविवाद स्पर्धा घेण्यास परवानगी मिळावी’ या एका ओळीवर सही मिळते, आणि पहिल्या फोनवर ती मागेही घेतली जाते, कारण प्राचार्यांकडे फोनवर सांगायला काही नसतं. त्यांना ते द्या. अर्जात ठरावाचा पूर्ण मजकूर, बाजू चिठ्ठीने ठरणार ही नोंद, अध्यक्षांचं नाव, नियमांचं एक पान, प्रेक्षक कोण (ओळखपत्र दाखवणारे विद्यार्थीच की बाहेरचेही), चित्रीकरण कोण करणार आणि वेळापत्रक असू द्या. तारीखही विचारपूर्वक निवडा. आरक्षणाचा ठराव १४ एप्रिल किंवा ६ डिसेंबरच्या आठवड्यात, स्मारकांचा १९ फेब्रुवारीच्या आसपास, किंवा निवडणुकीच्या तोंडावर नको. विषय तोच, तीन आठवडे पुढेमागे, एवढ्याने पुष्कळ काही टळतं. ही तडजोड आहे, पण स्वस्तातली.

तरीही आदल्या संध्याकाळी ‘वरून फोन आला’ म्हणून निरोप येऊ शकतो. तेव्हा घोषणा देण्याआधी एक प्रश्न लेखी विचारावा : हरकत कशाला आहे? ठरावाच्या शब्दांना, तारखेला, बाहेरच्या प्रेक्षकांना की विषयालाच? शब्दांना असेल तर दुसरा मसुदा तयार ठेवलेला असावा. तारखेला असेल तर नवी तारीख लेखी घ्यावी. प्रेक्षकांना असेल तर दारं आतल्यांपुरती ठेवावीत. विषयालाच असेल तर तेवढंच खरं स्वातंत्र्याचं भांडण आहे, आणि ते त्या कागदासकट विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास मंडळापर्यंत नेता येतं. कागद नसेल तर ‘आम्ही बंदी घातलीच नव्हती, मुलांनीच रद्द केलं’ हे उत्तर ठरलेलं. कात्री लावणाऱ्याला वाकवायचे आणखीही मार्ग आहेत. केंब्रिज युनियन ही वादसभा विद्यापीठाने १८१७ मध्ये बंद पाडली. १८२१ मध्ये पुन्हा उघडली ती चालू राजकारणावर बोलायचं नाही या अटीवर. मुलांनी जुन्या काळातले प्रश्न निवडून त्यांच्या आडून आजचंच बोलायला सुरुवात केली. आपल्याकडेही मुलींशी शरीरसंबंधाचं किमान वय वाढवणाऱ्या १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावर ठराव घेऊन आजच्या विवाहकायद्यांविषयी बरंच बोलता येतं. मात्र हा आडमार्ग आहे. तोच रस्ता झाला की पुढच्या आयोजकाला सरळ ठराव लिहायची सवयच उरत नाही.

परीक्षकांना गुणपत्रिकेबरोबर एक ओळ लिहून द्या : ‘बाजू पटली की नाही याला गुण नाहीत.’ आवाज, हावभाव, पाठांतराला चाळीस टक्के गुण देणारी जुनी गुणपत्रिका बदला. मुद्दा, पुरावा, खंडन आणि प्रश्नांना दिलेली उत्तरं यांना बहुतांश गुण ठेवा. तीन परीक्षक असावेत, आणि संवेदनशील ठरावाला तिघेही एकाच वर्तुळातले नसावेत. निकालाची कारणं पाच मिनिटांत तोंडी सांगितली की ‘आमच्या समाजाच्या मुलाला मुद्दाम पाडलं’ ही कुजबुज बरीच कमी होते.

मतदान घेणार असाल तर कशावर घेताय ते आधी सांगा. ९ फेब्रुवारी १९३३ ला ऑक्सफर्ड युनियन या विद्यार्थ्यांच्या वादसभेने ‘हे सभागृह कोणत्याही परिस्थितीत राजा आणि देशासाठी लढणार नाही’ हा ठराव २७५ विरुद्ध १५३ मतांनी संमत केला. वर्तमानपत्रांनी तो इंग्रज तरुणांचा देशद्रोह ठरवला, भेकडपणाची खूण म्हणून पांढरी पिसं पाठवली गेली, काहींनी इतिवृत्ताचं पान फाडून नेलं. ठराव इतिवृत्तातून काढून टाकण्याचा विन्स्टन चर्चिलचा मुलगा रँडॉल्फ याचा प्रयत्न मार्चमध्ये ७५० विरुद्ध १३८ ने फेटाळला गेला. फेटाळणाऱ्यांतल्या अनेकांचा रोख ठरावापेक्षा बाहेरच्या दबावावर होता. एकाच मतात ‘मला काय वाटतं’ आणि ‘कोण चांगलं बोललं’ हे दोन्ही मिसळलं की असा घोळ होतो. म्हणून दोनदा गुप्त मतदान घ्या, चर्चेआधी आणि नंतर, आणि किती जणांनी मत बदललं तेवढंच जाहीर करा. बाजूच्या विजयाची घोषणा नको.

राहिला मोबाइल. सात मिनिटांच्या भाषणातली वीस सेकंदं कापून संध्याकाळपर्यंत तीनशे ग्रुपवर जातात, आणि त्यात चिठ्ठीची पाटी कधीच नसते. प्रेक्षकांनी चित्रीकरण करायचं नाही असा नियम करा. तो पूर्ण पाळला जाणार नाही हे धरून स्वतःचं एकसलग चित्रीकरण ठेवा, अध्यक्षांच्या पहिल्या वाक्यापासून. चित्रफितीच्या कोपऱ्यात संपूर्ण वेळ दोन ओळी राहू द्या : ठरावाचा मजकूर आणि ‘बाजू चिठ्ठीने’. वक्त्यांची लेखी संमती घेतल्याशिवाय ती कुठेही चढवू नका. निदान एक सत्र संपेपर्यंत मूळ फाइल महाविद्यालयात आणि वादविवाद मंडळाकडे अशी दोन ठिकाणी जपा. तुकडा फिरायला लागलाच तर खुलाशाचं पत्रक काढत बसण्यापेक्षा त्या वक्त्याचं पूर्ण भाषण आणि लगेच नंतरचं खंडन, ही चौदा मिनिटं एकत्र प्राचार्यांकडे द्या. त्या वक्त्याला एकट्याने उत्तर द्यायला पाठवू नका. अर्जावर ज्यांच्या सह्या होत्या त्या सगळ्यांनी जायचं.